कौल मशीन कसं बनवायचं, आणि त्यात एआयला देव का करायचं नाही

तर झालं असं की आम्ही चार जणांनी मिळून एका आर्ट फेस्टिवलसाठी एक इन्स्टॉलेशन केलं, नाव ठेवलं कौल मशीन, आणि तेव्हापासून सारखं कुणीतरी मेसेज करून विचारतंय की कसं केलं, कोड आहे का, आमच्या कॉलेजच्या फेस्टला जमेल का, एकाने तर मंडळाच्या देखाव्यात बसवता येईल का असं पण विचारलं. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी काय आहे ते. प्लायवूडचा साधारण पाच बाय सहा फुटाचा खोका, आतून काळा रंग. आत समोर एक कडप्पा उभा केलेला (आमच्या जुन्या किचनच्या ओट्याचा तुकडा, आईने माळ्यावर ठेवला होता तो), त्याच्यावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या, खाली दोन स्टीलच्या थाळ्या. माणूस एकटा आत जातो, पडदा ओढतो, आणि ऑनलाइन केलेली एखादी गोष्ट सांगतो जी त्याला खातेय. कुणाचा तरी स्क्रीनशॉट फिरवला, फेक अकाउंटवरून कमेंट टाकली, खोटा आहे हे माहीत असून फॉरवर्ड केला, असलं काहीतरी. एआय ते ऐकून त्याच्या वतीने गाऱ्हाणं घालतं. मग शांतता. पाकळी पडेपर्यंत थांबायचं. बाहेर येताना हातात एक चिठ्ठी. बस, एवढंच.

ज्यांना कौल म्हटल्यावर घराच्या छपरावरची कौलं आठवली त्यांच्यासाठी: कोकणात आणि गोव्यात बऱ्याच देवळांत देवाला कौल लावतात. मूर्तीला किंवा पाषाणाला ओल्या पाकळ्या, कळे नाहीतर पानं चिकटवायची, देवासमोर प्रश्न मांडायचा, आणि कुठल्या बाजूचं आधी पडतंय ते बघायचं. उजवा कौल म्हणजे साधारण होकार, डावा म्हणजे नकार. आणि प्रश्न मांडणं म्हणजे गाऱ्हाणं. गुरव, घाडी किंवा गावचा मानकरी देवासमोर उभं राहून मोठ्याने बोलतो, बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचा असा असा झाला, आणि मागचे सगळे एका सुरात म्हणतात, व्हय म्हाराजा. आमच्या मामांच्या गावी लहानपणी मे महिन्यात हे बघितलंय, मला तेव्हा फक्त व्हय म्हाराजा मोठ्याने ओरडायला मिळायचं म्हणून आवडायचं.

आता मुद्द्याचं. एआय आणि धर्म घेऊन इंटरॅक्टिव काहीतरी करायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात पहिली आयडिया तीच येते, एआय देव. एआय गणपती, एआय कृष्ण, प्रश्न विचारा आणि देव उत्तर देतो. आमची पण तीच होती, खोटं कशाला बोलू. पण जगात हे आधी करून झालंय आणि त्यातून काय झालं ते बघितल्यावर आम्ही ती आयडिया फेकून दिली.

स्वित्झर्लंडमध्ये लुत्सर्न नावाचं गाव आहे, तिथल्या पीटर्स चॅपेलमध्ये २०२४ साली दोनेक महिने कन्फेशनच्या (पाद्र्यासमोर पापांची कबुली द्यायच्या) खोलीत जाळीमागे स्क्रीनवर एआय येशू बसवला होता, प्रोजेक्टचं नाव देउस इन माकिना. शंभरेक भाषांत बोलायचा, नऊशेच्या वर संभाषणं झाली. करणारे लोक शहाणे होते, हे कन्फेशन नाही आणि स्वतःची खासगी माहिती सांगू नका असं आधीच सांगितलं होतं. बऱ्याच लोकांना आत काहीतरी आध्यात्मिक वाटलं असं त्यांनी नंतर सांगितलं, काहींना उत्तरं गुळगुळीत वाटली. दोन्ही खरं असणार.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत कॅथलिक आन्सर्स नावाच्या संस्थेने फादर जस्टिन म्हणून चॅटबॉट काढला, पांढऱ्या कॉलरवाला पाद्री. तो आपण खरेच पाद्री आहोत असं सांगायला लागला, लोकांची कन्फेशन ऐकायला लागला, आणि बाळाचा बाप्तिस्मा गेटोरेड या कोल्ड्रिंकने केला तर चालेल असं म्हणाला. थोड्याच दिवसांत कॉलर उतरवून त्याला नुसता जस्टिन करण्यात आलं. आपल्याकडे २०२३ मध्ये गीतेच्या नावाने चॅटबॉट निघाले होते, त्यातले काही धर्मासाठी मारलं तरी चालतं अशा अर्थाचं बोलून गेले म्हणून बातम्या आल्या. आणि धर्म बाजूला ठेवून नुसतं योग्य-अयोग्य सांगणारं डेल्फी नावाचं मॉडेल २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूटने काढलं, त्याला प्रश्नाच्या मागे ‘सगळे खूश होणार असतील तर’ एवढं शेपूट जोडलं की ते नको त्या गोष्टीलाही हो म्हणायचं. म्हणजे घोळ एकच. मशीनला निकाल द्यायला बसवलं की ते निकाल देतं, त्याला नाही म्हणताच येत नाही, आणि ऐकणारा आधीच हळवा होऊन आलेला असतो.

(जपानमध्ये क्योटोच्या कोदाइजी देवळात २०१९ पासून माइंडार नावाचा रोबोट आहे, करुणेच्या देवीच्या रूपातला, त्याचं नाव या यादीत सगळे घेतात पण त्यात एआय नव्हतंच मुळी, ठरलेलं प्रवचन बोलायचा. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.)

मी मामांना फोन करून आयडिया सांगितली तेव्हा ते आधी हसले आणि मग म्हणाले, "देवाक इचारूचा तर इचार रे, पण त्या मशीनाक देवाच्या पाटार बसवू नको." आणि तिथे डोक्यात लाइट पेटला. गाऱ्हाण्यात बोलणारा देव नसतोच ना. देव काहीच बोलत नाही. बोलतो तो गुरव, आणि तो आपल्या बाजूचा असतो, आपलं म्हणणं नीट मांडून देणारा. एआय भाषेत चांगलं आहे, मग त्याला भाषेचंच काम द्या. गाऱ्हाणं मशीनने घालायचं आणि कौल पाकळीने द्यायचा, आणि या दोघांची वायर एकमेकांना कुठेही जोडायची नाही. बाकी सगळं बदललंत तरी चालेल, हे बदलू नका.

चला, आता बनवायला घेऊ.

पाकळीपासून सुरुवात करा, कोडपासून नाही. आम्ही उलटं केलं आणि तीन आठवडे वाया घालवले. पहिल्यांदा आम्ही कापडी पाकळ्या आणि छोट्या सर्वो मोटर लावल्या, एसजी-९० म्हणून निळी मिळते ना ती, आर्डुइनोवर (मोटर वगैरे चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) रँडम नंबर काढून डावी किंवा उजवी सोडायची. चालायचं मस्त. पण पाकळी सुटायच्या आधी मोटर कर्रर्र करायची, आणि तो आवाज आला की आतला माणूस पाकळीकडे बघायचं सोडून वर बघायचा, कोण चालवतंय म्हणून. सगळी जादू तिथेच खलास. शिवाय नंतर प्रत्येक जण विचारणार की रँडम आहे का सेट केलंय, आणि तुम्ही कितीही शपथा घ्या, मोटर आहे म्हटल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवावा.

म्हणून खरी फुलं, खरं पाणी. कडप्पा अगदी सरळ उभा करा, स्पिरिट लेव्हल लावून बघा, एका बाजूला कललेला असेल तर कौल पण कलतो. पॉलिशची बाजू मागे, खरखरीत बाजू पुढे. पाकळी पाण्यात बुडवून, एकदा झटकून, अंगठ्याने दाबून लावायची. झेंडूची पाकळी लावू नका, ती वळलेली असते, चिकटतच नाही. गुलाबाची आतली पातळ पाकळी तर इतकी घट्ट बसते की माणूस आत म्हातारा होईल. आम्हाला जमली ती गुलाबाचीच पण बाहेरची जाड पाकळी, देठाकडचा पांढरा भाग ठेवून. एक ते चार मिनिटांत पडते. पाकळ्या जोडीने निवडा, साधारण एकाच मापाच्या, आणि माणूस आत गेल्यावर त्याच्या समोर त्याच्याच हाताने लावायला सांगा. हे फार महत्त्वाचं आहे, स्वतः लावलेल्या पाकळीवर संशय घेता येत नाही. पंखा, एसी यांचा झोत कडप्प्यावर येता कामा नये. आमच्या हॉलमध्ये एसी इतका जोरात होता की पहिल्या दिवशी सकाळी पाकळ्या भराभर सुकून पडत होत्या, अर्ध्या मिनिटात कौल, लोकांना वाटलं देवाला घाई आहे. मग खोक्याला वरून झाकण घातलं.

दोन्ही एकदम पडल्या तर? पडल्या आमच्याकडे, दोनदा. परत लावायच्या. कुठलीच नाही पडली तर पाच मिनिटांनी स्क्रीनवर येतं, "आज कौल नाही, पुन्हा या." खरं तर त्या लोकांचे चेहरे सगळ्यात बघण्यासारखे होते.

कडप्प्यावर मूर्ती, फोटो, ओम, क्रॉस, चंद्र, काहीही लावू नका. शेंदूर तर अजिबात नाही, कितीही भारी दिसत असला तरी. दगड दगडच दिसू दे. एक तर कायद्याची बाजू आहे, धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याचं जे कलम आधी भारतीय दंड संहितेत २९५अ होतं ते आता भारतीय न्याय संहितेत २९९ आहे, आणि तुमचा हेतू काय होता हे समजावत बसण्यापेक्षा आधीच नीट वागलेलं बरं. पण कायद्याची भीती हे दुसरं कारण झालं. पहिलं कारण असं की दगडासमोर माणूस आपापला देव घेऊन येतो, किंवा न घेता येतो. आमच्याकडे आलेल्या एका काकांनी बाहेर चप्पल काढली, कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या मागची मुलगी कानात इअरफोन घालून तशीच आत गेली. दोघांचं जमलं. देऊळ ज्यांचं आहे त्यांना आधी दाखवा पण. मी मामांना आणि त्यांच्या ओळखीच्या एका गुरवांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं, त्यांनी दोन गोष्टी बदलायला लावल्या, त्यातली एक म्हणजे पाण्याचा तांब्या खाली जमिनीवर होता तो पाटावर ठेवा. ठेवला.

आता आवाज. एक साधा यूएसबी माइक आणि एक जुना लॅपटॉप पुरतो, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कंप्युटरच्या मागे लागू नका, त्यावर मॉडेल चालवायचं म्हणजे बैलगाडी. बोललेलं लिहून घ्यायला व्हिस्पर वापरलं, ते ओपन आहे म्हणजे कुणालाही फुकट वापरता येतं, लॅपटॉपवर ऑफलाइन चालतं. दोन खाचखळगे. एक, भाषा मराठी अशी स्वतः सेट करा, ऑटोवर ठेवलंत तर मराठी बोललेलं कधी कधी हिंदी समजून लिहितं. दोन, आणि हे आम्हाला भर कार्यक्रमात कळलं, शांतता असली की व्हिस्पर स्वतःच्या मनाने काहीतरी लिहितं, बहुतेक व्हिडिओच्या सबटायटल्सवर शिकल्यामुळे. एक बाई आत जाऊन नुसत्याच बसल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि स्क्रीनवर आलं "व्हिडिओ पाहिल्याबद्दल धन्यवाद". त्या बिचाऱ्या इतक्या दचकल्या! म्हणून बटण दाबून धरलं तरच माइक चालू असं करा. एक मोठं लाल बटण, दाबलं की बोला, सोडलं की संपलं. आणि बाजूला कीबोर्ड पण ठेवा. तरुण पोरं सगळी टाइपच करतात, मोठ्याने बोलायला लाजतात, वयस्कर लोक मात्र बोलतात आणि एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत.

मॉडेल कुठलंही घ्या. आम्ही जेम्मा नावाचं मॉडेल लॅपटॉपवरच चालवलं, ओलामा नावाच्या सॉफ्टवेअरमधून, कारण लोकांनी मनातलं सांगितलेलं कुठल्या कंपनीच्या सर्वरवर जावं हे पटत नव्हतं. मराठी जरा पुस्तकी लिहितं पण चालतं. ऑनलाइनवालं मॉडेल वापरणार असाल तर मराठी जास्त छान येईल, पण मग दारावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा की तुमचं बोलणं बाहेर जातंय.

मालवणी मात्र एआयकडून लिहून घेऊ नका, हात जोडतो. आम्ही ट्राय केलं. थोडं मराठी, थोडं हिंदी आणि मध्येच कोकणी, ऐकवत नाही. गाऱ्हाण्याची सुरुवात आणि शेवट आम्ही मामांच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घेतला, मागे मामी आणि शेजारचे दोघं व्हय म्हाराजा म्हणतायत, पाठीमागे कोंबडा पण आहे, तो काढला नाही. मधला भाग तेवढा एआय लिहितं, साध्या मराठीत, आणि तो कंप्युटरच्या आवाजात वाचला जातो. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारतवाल्यांची मराठी आवाजाची मॉडेल ओपन आहेत ती बघा. आवाज सपाटच ठेवा. घुमणारा इफेक्ट टाकायचा मोह होणार, आमच्या साउंडवाल्या मित्राला झाला, त्याने रिव्हर्ब टाकलं आणि एका सेकंदात गुरवाचा देव झाला. काढून टाकलं.

प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, लिहायला सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी जो राहिला तो असा, जसाच्या तसा देतोय:

"तू देव नाहीस, गुरू नाहीस, न्यायाधीश नाहीस. समोरच्या माणसाचं गाऱ्हाणं मांडणारा आहेस. त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांच्या जवळ राहून पाच-सहा छोट्या वाक्यांत मांड. सल्ला देऊ नकोस. चूक की बरोबर सांगू नकोस. कुठल्याही ग्रंथातलं वचन देऊ नकोस. कुणाचं नाव आलं तर गाळ. ज्याच्याशी हे घडलं पण जो इथे हजर नाही, त्याच्या बाजूचं एक वाक्य नक्की घे. शेवटी प्रश्न असा कर की उत्तर फक्त होय किंवा नाही येईल, आणि प्रश्न या माणसाने पुढे काय करायचं याचाच असू दे, दुसऱ्याने काय करायचं याचा नको."

यातलं शेवटून दुसरं आणि शेवटचं वाक्य म्हणजे सगळा जीव आहे. ऑनलाइन भानगडीत समोरचा माणूस दिसत नाही हाच तर प्रॉब्लेम असतो, म्हणून त्याला एक वाक्य. आणि लोक प्रश्न विचारताना हटकून दुसऱ्याबद्दल विचारतात, तिने मला ब्लॉक केलं ते बरोबर होतं का, त्याला शिक्षा मिळेल का. कौलाला असले प्रश्न चालत नाहीत. मला काय करायचंय ते विचार.

एक नमुना दाखवतो, आमच्या टेस्टिंगमधला, आमच्यातल्याच एकाने बनवून सांगितलेला आहे, कुणाचा खरा नाही. तो म्हणाला, "सोसायटीच्या ग्रुपवर मी कामवाल्या मावशींबद्दल चोरीचा मेसेज टाकला, नंतर ती वस्तू घरातच सापडली, मी मेसेज डिलीट केला पण तोपर्यंत सगळ्यांनी वाचला होता आणि त्यांची दोन कामं गेली, आता परत तो विषय काढला तर मीच मूर्ख दिसणार." मशीनने गाऱ्हाणं घातलं ते असं:

"या माणसाने एका बाईवर चोरीचा आळ घेतला. वस्तू नंतर घरातच मिळाली. त्याने लिहिलेलं पुसलं, पण वाचणाऱ्यांच्या डोक्यातून ते पुसलं गेलं नाही. त्या बाईंची दोन घरची कामं गेली, आणि त्यांना अजून हे माहीत नसेल की वस्तू सापडली. याला आपलं हसं होईल अशी भीती वाटते. त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर, आपलं चुकलं असं याने लिहावं का?"

मग मामांचा आवाज, मागून व्हय म्हाराजा, आणि शांतता. खरं सांगू का, त्या शांततेत पाकळी पडायची गरजच राहत नाही. टेस्टिंगच होतं, बनवलेली गोष्ट होती, तरी आम्ही चौघं गप्प बसलो होतो. वाइझेनबाउम नावाच्या कंप्युटर शास्त्रज्ञाचा १९६६ चा एलायझा नावाचा प्रोग्राम होता, तो तर तुमचंच वाक्य उलटं फिरवून परत विचारायचा फक्त, तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करायचे. आपलं बोलणं कुणीतरी नीट मांडलेलं ऐकायला मिळणं, एवढ्यानेच बरंच काम होतं बहुतेक.

आता कौल कुठला पडला ते मशीनला कळणार कसं, कारण चिठ्ठी छापायचीय. आम्ही आधी आयआर सेन्सर लावले थाळीवर, पाकळी इतकी हलकी आणि वेडीवाकडी पडते की अर्ध्या वेळा कळायचंच नाही. मग वेबकॅम, तर तो अंधारात आंधळा. शेवटी कंटाळून दोन बटणं ठेवली, उजवं आणि डावं, आणि स्क्रीनवर लिहिलं, "कौल कुठला पडला? तुम्हीच सांगा." जुगाड म्हणून केलं होतं, पण तीच सगळ्यात भारी गोष्ट निघाली. कारण आत कुणी बघत नाही. पाकळी डावीकडे पडली आणि तुम्ही उजवं दाबलं तर मशीनला काय कळणार आहे! थाळ्या आवरायला आमची मैत्रीण प्रत्येकानंतर आत जायची, आणि तिने सांगितलं की पाकळी एका थाळीत आणि बाहेर माणसाच्या हातातल्या चिठ्ठीवर दुसरंच, असं बऱ्याचदा दिसतं. एक जण तर चिठ्ठी घेऊन गेला, भेळ खाऊन परत आला, आणि म्हणाला मला बटण परत दाबायचंय. तिने त्याला परत आत सोडलं. तुम्ही केलंत तर सेन्सर लावूच नका.

चिठ्ठीसाठी दुकानात बिल छापतात तो थर्मल प्रिंटर, ५८ मिलिमीटरवाला. त्याला मराठी येत नाही. सरळ मजकूर पाठवलात तर प्रश्नचिन्हांची रांगोळी येते. मजकुराचं चित्र बनवायचं, ३८४ पिक्सेल रुंद, त्या प्रिंटरच्या ओळीत तेवढेच ठिपके मावतात, आणि ते चित्र छापायचं. पायथनमध्ये पिलो नावाच्या लायब्ररीने चित्र बनवणार असाल तर राक्म नावाचा लेआउट चालू आहे ना ते तपासा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. आमच्या पहिल्या चिठ्ठीवर ‘मित्र’ची वेलांटी म च्या नंतर जाऊन बसली होती. फॉन्ट जरा जाड घ्या, थर्मलवर बारीक रेघा उडतात. चिठ्ठीवर गाऱ्हाण्यातला शेवटचा प्रश्न आणि खाली उजवा किंवा डावा, एवढंच. सल्ला नाही, सुविचार नाही, आमच्या अकाउंटचं नाव तर नाहीच. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत आपोआप फिकी होतात, ते पण बरंच आहे.

काहीच सेव करू नका. आवाज नाही, मजकूर नाही, नंतर रिपोर्टसाठी म्हणून पण नाही. आम्हाला मोह झाला होता, लोक काय काय सांगतात त्याचं पुस्तक होईल असं वाटलं. लोकांनी लिहिलेलं भिंतीवर लावायचं असेल तर ते वेगळं काम आहे आणि ते उघड सांगून करता येतं, कँडी चँग या कलाकार बाईने २०१२ मध्ये लास वेगासमध्ये केलं होतं, पडद्याच्या खोल्यांत लाकडी पट्ट्यांवर लोकांनी बिननावाचं लिहिलं आणि ते भिंतीवर टांगलं. पण तिथे लिहिणाऱ्याला माहीत होतं की हे टांगलं जाणार आहे. आपल्याकडे तो माइकला एकट्याने सांगतोय. शिवाय २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालच्यांचा डेटा घ्यायला पालकांची परवानगी लागते. आम्ही शाळेतल्या मुलांना एकटं आत सोडलंच नाही, त्यांना बाहेर नुसता कडप्पा आणि पाकळ्या दिल्या खेळायला. त्यांनी होमवर्कचे कौल लावले. सगळे उजवेच यायचे त्यांचे.

आणि हे वगळू नका: कुणीतरी खरंच गंभीर काहीतरी घेऊन आत येणार. जगणं नकोसं झालंय असं, किंवा कुणीतरी फोटोवरून ब्लॅकमेल करतंय असं. अशा वेळी कौल लागता कामा नये, पाकळीवर सोडायची गोष्ट नाही ती. आम्ही शब्दांची एक यादी केली आणि वरून मॉडेलला पण वेगळं विचारलं की हे गंभीर आहे का, दोन्हीपैकी एकाने जरी हो म्हटलं तरी गाऱ्हाणं थांबतं, लाइट लागतो आणि स्क्रीनवर येतं की बाहेर आमचा माणूस आहे, त्याच्याशी बोला. सोबत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३०. बाहेरचा माणूस म्हणजे पण असा पाहिजे ज्याला ऐकून घेता येतं, तिकीट फाडणारा पोरगा नको. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या विणकाम घेऊन, दोनदा त्यांना उठावं लागलं. काय झालं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

किरकोळ गोष्टी पटापट. एका माणसाला सात-आठ मिनिटं लागतात, म्हणजे दिवसभरात फार लोक होत नाहीत, रांगेला टोकन द्या नाहीतर भांडणं. ढोल-ताशाच्या जवळ जागा मिळाली तर माइक विसरा, फक्त कीबोर्ड. लॅपटॉप हँग होणार हे धरून दहा-बारा गाऱ्हाणी हाताने लिहून फाइलमध्ये ठेवा, मोघम प्रकारची, तोपर्यंत ती चालवा, पण तेव्हा स्क्रीनवर सांगा की हे आधी लिहिलेलं आहे. गुलाब रोज ताजे आणा, फ्रिजमधले चालत नाहीत. खर्च आमचा दहा-बारा हजारांत बसला, लॅपटॉप सोडून, त्यातला निम्मा प्लायवूडचा. मंडळाच्या देखाव्यात करणार असाल तर गणपतीच्या समोर लावू नका, बाजूच्या वेगळ्या तंबूत लावा, नाहीतर लोकांना वाटणार गणपतीच कौल देतोय आणि मग आपण फिरून एआय देवावरच येऊन पोचलो.

थाळ्यांतल्या पाकळ्यांचं काय करायचं यावर आमच्यात वाद झाला. मी म्हणालो कचरा आहे, दगडाला लावलेल्या पाकळ्या, पूजा नाही काही नाही. मैत्रीण म्हणाली लोकांनी काय काय बोलून त्या लावल्यात, कचऱ्याच्या डब्यात नाही टाकायच्या. शेवटी तिने रोज संध्याकाळी पिशवीत भरून निर्माल्य कलशात नेऊन टाकल्या.

आणि कडप्पा परत घरी आणला. मला वाटलं धुऊन परत ओट्याला लावू, नाहीतर पोळ्या लाटायला होईल. आईने सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली यावर आता पोळ्या नाही हं लाटायच्या. मी म्हटलं अगं देव नव्हता तो, तुझाच ओटा आहे, मी स्वतः स्क्रू मारलेत. ती म्हणाली, माहितीये मला. सध्या तो गॅलरीत तुळशीच्या बाजूला उभा आहे.